सपाट आवाजाचा ड्रॅगन

स्वयंपाकघरातल्या पडद्यानं पेट घेतला तेव्हा मास्तर बाहेरच्या खोलीत आले आणि बायकोला म्हणाले, "स्वयंपाकघरात आग लागली आहे."

बायको धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. ती "बरं" म्हणाली आणि तिनं पुढचा मोजा उचलला. धूर दारातून आत आला तेव्हा कुठे ती उठली. पडदा गेला, भिंत काळी झाली, बाकी काही झालं नाही. पण त्या दिवसापासून घरात एक नियम आला. मास्तरांना महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर त्यांनी आधी टाळी वाजवायची.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ते कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करतात. तिथे खोलीच्या आत एक खोली आहे, भिंतींना आतून स्पंज, खिडकीला दुहेरी काच. पेशंट आत कानांवर हेडफोन लावून बसतो आणि मास्तर बाहेर यंत्रापाशी. आधी बारीक-जाड शिट्ट्या, मग शब्द. पाटी. गाडी. दोरी. खिळा. पेशंटनं ऐकलेला शब्द परत म्हणायचा. यात मेख अशी, की सगळे शब्द एकाच वजनानं उच्चारावे लागतात. "खिळा"वर जरासा जोर पडला, तर ऐकू न आलेला माणूसही अंदाजानं बरोबर सांगून मोकळा होतो. ओठ वाचून फसवणारेही असतात, म्हणून बोलताना तोंडापुढे पुठ्ठा धरायचा. मास्तरांनी हे काम इतकी वर्षं आणि इतकं मन लावून केलं, की त्यांच्या आवाजातले सगळे चढउतार झिजून गेले. डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्या आवाजात काहीच नाही. असाच ठेवा." ही शाबासकी मास्तरांनी मनावर घेतली.

दवाखान्याबाहेर मात्र पंचाईत व्हायची. मेहुण्याला नोकरी लागल्याची बातमी त्यांनी फोनवर सासूबाईंना दिली, तेव्हा सासूबाईंनी भिंतीचा आधार घेऊन विचारलं, "कोण गेलं?"

"मास्तर" हे नाव त्यांना रविवारचं मिळालं. रविवारी दुपारी टेलरबाईंच्या दुकानात, शटर अर्धं खाली ओढून, कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर एक खेळ चालतो. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं. पुढे काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं आणि ते जमलं की फसलं हे फासे सांगतात. गोष्ट सांगणारा तो मास्तर. वाटेत जो कोणी भेटेल, राजा, चोर, खानावळवाली, बोलका घोडा, ते सगळे एकट्या मास्तरांनी बोलायचे. नकाशा खडूनं आखलेला असतो. बटणं म्हणजे सैन्य, रिळं म्हणजे बुरूज. मागे उभा असलेला कापडी पुतळा गरजेप्रमाणे राजा होतो किंवा झाड.

खेळणारे चौघं. टेलरबाई जादूगार असतात. त्यांचा आवाज सुईच्या टोकाइतका बारीक आहे. शेजारच्या गाळ्यातला प्लंबर कुऱ्हाडवाला असतो. त्याचा आवाज टाकीच्या तळातून आल्यासारखा, पण तो वापरतो क्वचित. मास्तरांची बायको तलवारबाज. चौथा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेहुणा. तो गाणारा राजपुत्र.

मास्तरांना गोष्टी सुचतात, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. त्यांच्या गोष्टीत एक शहर होतं, तिथे सावल्यांवर घरपट्टी होती. एक चोर होता, तो फक्त डावे बूट चोरायचा, कारण उजवे त्याच्या भावाच्या वाट्याला आले होते. पण तो चोर, त्याचा भाऊ आणि घरपट्टीचा कारकून तिघंही एकाच आवाजात बोलायचे. तेही पुठ्ठ्याआडून, कारण बोलायचं म्हटलं की मास्तरांचा हात आपोआप पुठ्ठा शोधायचा.

हे चालून जात होतं. मग राजाचं प्रकरण झालं.

कित्येक रविवार चौघं एका म्हाताऱ्या राजाची राखण करत होते. राजा प्रेमळ होता. प्लंबरला त्यानं एक छोटा किल्ला कबूल केला होता, स्वतःच्या विहिरीसकट. त्या रविवारी मारेकरी महालात शिरला. दिवे विझले. अंधारात दोघं बोलू लागले.

"मला वाचवा," मास्तर म्हणाले.

"आता तुझा शेवट," मास्तर म्हणाले.

"माझ्या जवळ ये," मास्तर म्हणाले.

"मारतो," प्लंबर म्हणाला आणि त्यानं फासे टाकले. ते असे पडले, की तसे कधी कोणाला पडले नव्हते.

"राजाचं मुंडकं उडालं," मास्तर म्हणाले.

प्लंबरनं फाशांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"राजाचं?" बायकोनं विचारलं.

"राजाचं."

"अहो, पण 'माझ्या जवळ ये' कोण म्हणालं?"

"राजा. ह्यांच्याकडे कुऱ्हाड होती, म्हणून त्यानं ह्यांना जवळ बोलावलं."

"आणि 'आता तुझा शेवट'?"

"मारेकरी."

"मग दोघांत फरक काय होता?" टेलरबाईंनी विचारलं.

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "राजा वयस्कर होता," ते म्हणाले.

मेहुणा याच क्षणाची वाट बघत होता. तो गाद्यांच्या शोरूममध्ये विक्रेता आहे आणि तिथे त्याची ख्याती आहे, कारण त्याच्या गाद्या बोलतात. गिऱ्हाईक डबलबेडपाशी आलं, की गादीतून जडशीळ आवाज येतो, "या, दमलात ना?" उशी किनऱ्या आवाजात तिला टोकते, "आधी मान माझ्याकडे द्या!" लोक हसत हसत गादी घेऊन जातात. असा माणूस दर रविवारी पुठ्ठ्यासमोर मुकाट्यानं बसायचा, हे त्याच्या दृष्टीनं जगाच्या रचनेतलं वैगुण्य होतं.

"भावोजी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमचा राजा, तुमचा मारेकरी आणि तो घोडा, तिघं एकाच रेशनकार्डावरचे वाटतात. तुम्ही गोष्ट लिहून द्या, मी बोलतो. मास्तरच्या खुर्चीत आवाजाचा माणूस हवा."

"तुला नियम येतात का?" बायकोनं विचारलं.

"नियम काय, बघून सांगता येतात. आवाज बघून काढता येतो का?"

प्लंबर हळूच म्हणाला, "विहीर होती त्या किल्ल्यात." हे एकूण मास्तरांच्या विरोधातच गेलं.

शेवटी बायकोनं मध्यम मार्ग काढला. मेलेल्याला उठवणारं पाणी ड्रॅगनच्या गुहेत आहे, असं गोष्टीत आधीच येऊन गेलं होतं. पुढच्या रविवारी चौघांनी ते आणायला जायचं. ड्रॅगन ड्रॅगनसारखा वाटला, तर मास्तर मास्तरच. राजासारखा वाटला, तर खुर्ची मेहुण्याची.

"अहो, चालेल ना?"

"चालेल," मास्तर म्हणाले. ते चालणार नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळणं शक्य नव्हतं. आठवडाभर ते दुसऱ्यानं ठरवून दिलेले शब्द बोलायचे. पाटी, गाडी, दोरी, खिळा. पुढचा शब्द कोणता असणार हे स्वतः ठरवायची सोय त्यांना सगळ्या जगात त्या एका खुर्चीतच होती.

सोमवारपासून त्यांनी ड्रॅगन घोटायला घेतला. घरी पहिली गर्जना केली तेव्हा बायकोनं आतून विचारलं, "घसा धरलाय का? गुळण्या करा." दुसरी केली तेव्हा ती गरम पाणीच घेऊन आली.

मेहुणा मनानं वाईट नव्हता. त्यानं स्वतःहून शिकवणी देऊ केली आणि मास्तरांना शोरूममध्ये बोलावून एका गादीवर उताणं झोपवलं.

"पोटातून बोला, भावोजी. स्वतःला गादी समजा. गिऱ्हाईक आलंय. त्याला बोलवा."

"या," मास्तर छताकडे बघत म्हणाले. "पडा."

शेजारच्या रांगेत एक नवं जोडपं स्प्रिंग दाबून बघत होतं. त्यांनी एकमेकांचा हात धरला आणि ते बाहेर पडले. मॅनेजर धावत आला आणि उताण्या मास्तरांकडे बघून त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "घरच्यांना कळवलंय का?"

मग मास्तरांना दवाखान्यातली आतली खोली आठवली. तिथे माणूस कितीही ओरडला तरी बाहेर काही येत नाही. जेवणाच्या सुटीत ते आत जाऊन बसले, दार लावलं आणि तोंड उघडून, नाकपुड्या फुगवून, हातांचे पंजे करून गर्जू लागले. आवाज बाहेर जाणार नाही, हा हिशेब बरोबर होता. खिडकीला काच आहे, हे त्यात धरायचं राहिलं होतं.

डॉक्टरबाईंनी दार खाडकन उघडलं. "काय होतंय? दातखीळ बसलीये का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "मी ड्रॅगन आहे."

डॉक्टरबाई त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. माणसाचा आवाज नेहमीसारखा होता, चेहराही पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "बरं," त्या म्हणाल्या. "पेशंट आलाय."

पेशंट म्हणजे एक म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर कारखान्यात बॉयलरपाशी उभं राहिलेले. सोबत त्यांची सून होती, एवढीशी, नाजूक, बोटात पर्स अडकवलेली. मास्तरांनी नंबर पुकारला. म्हातारे हलले नाहीत. सून त्यांच्यापुढे गेली, हनुवटी छातीला टेकवली आणि एखाद्या पहिलवानाच्या आवाजात म्हणाली, "बाबा. नंबर. आला."

बाकावर डुलक्या घेणारा एक माणूस उठून उभा राहिला. आपलं काही चुकलं असावं, असं त्याला वाटलं.

"हो, हो," म्हातारे साध्या आवाजात म्हणाले. "ऐकू येतंय मला."

म्हातारे आत हेडफोन लावून बसल्यावर सून मास्तरांपाशी आली आणि आपल्या मूळच्या किनऱ्या आवाजात सांगू लागली. "बारीक आवाज त्यांना पोचतच नाही हो. घरात आम्ही सगळेच असं बोलतो. माझी जाऊ, तिची पोरगी, सगळे. सासूबाई तर आता दूधवाल्याशीही असंच बोलतात. त्यानं दूध पातळ द्यायचं बंद केलं."

"आणि ते?" मास्तरांनी विचारलं.

"ते कुठे बदललेत? ते आहेत तसेच आहेत. बदललो आम्ही."

मास्तरांनी तपासणी केली. आलेखातली रेघ डावीकडून निवांत निघाली आणि बारीक आवाजांपाशी येऊन जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेली. असे आलेख त्यांनी पोत्यानं पाहिले होते. त्या दिवशी मात्र पुढच्या पेशंटला आत बोलवायच्या आधी त्यांनी तो हातात धरून ठेवला. उरलेल्या आठवड्यात ते एकदाही गर्जले नाहीत. बायकोला वाटलं, ह्यांनी खुर्चीवर पाणी सोडलं.

रविवारी मेहुणा घशाच्या गोळ्यांची पुडी घेऊन आला आणि मास्तरांच्या खुर्चीला खेटून बसला. टेबलावर खडूनं गुहा काढली होती. गुहेच्या तोंडाशी टेलरबाईंची जुनी, जड विजेची इस्त्री टाचेवर उभी केलेली. हा ड्रॅगन. त्याच्यापुढे काळ्या, जाड बटणांची रांग. हे ड्रॅगनचं सैन्य. प्लंबर घरून बादली घेऊन आला होता. पाणी कशात नेणार, असा विचार बाकी कोणी केला नव्हता.

मास्तरांनी पुठ्ठा तोंडापुढे धरला. "ड्रॅगन मान वर करतो," ते म्हणाले. "विचारतो, कोण आहे."

आवाज तोच. पाटी, गाडी, दोरी. मेहुण्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं छताकडे.

"झालं," मेहुणा म्हणाला. "उठा, भावोजी."

"आधी उत्तर द्या. ड्रॅगन वाट बघतोय."

"देतो ना," मेहुणा म्हणाला. जाता जाता आपला आवाज एकदा सगळ्यांनी ऐकावाच, म्हणून तो उभा राहिला. छाती फुगवून, तुतारीसारख्या चढ्या स्वरात त्यानं सुरू केलं, "हे अग्निमुखा! हे पर्वतांच्या स्वामी! आम्ही आलो आहोत तुझ्या दारी..." आवाज खरोखर देखणा होता. खिळ्याला टांगलेली कात्री झिणझिणली. टेलरबाईंना भरून आलं.

"ड्रॅगनला काही ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले.

मेहुण्याचा हात हवेतच राहिला. "म्हणजे?"

"कोणीतरी तोंड उघडलेलं त्याला दिसलं. जांभई असावी, असं त्याला वाटलं."

"ड्रॅगनसाहेब, आम्ही थोडं पाणी..." टेलरबाईंनी प्रयत्न केला.

"तुमचं त्याला तोंडही दिसलं नाही. तुम्ही पुतळ्याच्या मागे आहात."

"पण त्याला ऐकू का येत नाहीये?" बायकोनं विचारलं.

"वय झालंय. जन्मभर स्वतःच्या गर्जनेशेजारी राहिला. बारीक आवाज आधी जातात. जाड ऐकू येतं."

सगळे प्लंबरकडे वळले. प्लंबर बादली मांडीवर घेऊन बसला होता. या खेळात आजवर तो दोनच वाक्यं बोलत आला होता, "मारतो" आणि "चहा आहे का?"

"मी काय बोलू?" प्लंबर म्हणाला.

"हे ऐकू आलं," मास्तर म्हणाले. "ड्रॅगन तुमच्याकडे वळला."

प्लंबर सावरून बसला. इस्त्रीकडे बघत त्यानं घसा खाकरला. "नमस्कार."

"नमस्कार," ड्रॅगन सपाट आवाजात म्हणाला.

"पाणी हवं होतं जरा."

"कशाला?"

"एकाचं मुंडकं उडालंय."

"कोणी उडवलं?"

प्लंबरनं टेबलाभोवती नजर फिरवली. कोणी मदतीला आलं नाही. "ते जाऊ द्या," तो म्हणाला. "इथे ओल फार आहे. गळती कुठून आहे?"

"छतातून. झरा फुटलाय," ड्रॅगन म्हणाला. "अंगाखाली सगळं ओलं असतं. झोप लागत नाही."

"कधीपासून?"

"तीनशे वर्षं."

"आणि आत्ता सांगताय?" प्लंबर ओरडला. हा त्याचा धंद्यातला नेहमीचा प्रश्न होता आणि तो मनापासून आला होता.

बायकोला आता राहवेना. तिची तलवार, तिची मोहीम, आणि बोलणी चालली होती गळतीची. तिनं हनुवटी छातीला टेकवली आणि पोटातून म्हणाली, "ड्रॅगन. माझ्याशी. बोला."

मेहुणा दचकला. "ताई, हा तर आपल्या आजोबांचा आवाज!"

"ड्रॅगनला ऐकू आलं," मास्तर म्हणाले. "पण ड्रॅगनचा कारभारी बेशुद्ध पडला."

"कोण कारभारी?"

"एक बुटका. इस्त्रीमागे बसलाय." मास्तरांनी एक पिवळं रीळ पुढे सरकवलं. "त्याचे कान फार तिखट आहेत. मोठा आवाज झाला की पडतो. आणि तो पडला, की ड्रॅगन चिडतो."

"म्हणजे जाड बोलायचं, आणि हळूही बोलायचं?" टेलरबाईंनी विचारलं.

"तुमचं ऐकूच आलं नाही," मास्तर म्हणाले.

त्यानंतर टेलरबाईंच्या दुकानात जे चाललं, ते वर्णन करायला सोपं आहे, पण पटवायला अवघड. चार मोठी, कमावती माणसं एका इस्त्रीभोवती वाकून, हनुवट्या छातीत रुतवून, कुजबुजत गुरगुरत होती. टेलरबाईंचा आवाज पायरी पायरीनं उतरत अशा जागी पोचला, की त्यांनी स्वतःच एकदा वळून मागे पाहिलं. बायकोनं बुटक्याला थोपवून धरलं, प्लंबर ड्रॅगनच्या छताचा अंदाज घेऊ लागला. सगळ्यांत हाल मेहुण्याचे. त्याच्याकडे होतं ते सगळं चढं आणि मोठं. त्यानं खाली उतरायचा प्रयत्न केला, की घशातून बिजागरीसारखा आवाज यायचा आणि मास्तर सांगायचे, "बुटका पडला." त्या सगळ्यात नेहमीसारखे बोलत होते ते फक्त ड्रॅगन आणि मास्तर.

बुटका पाचव्यांदा की सहाव्यांदा पडलेला असताना शटरखालून वाकून एक गृहस्थ आत आले.

"माझा कोट न्यायला आलोय," ते म्हणाले.

कोणी मान वर केली नाही.

"ड्रॅगनला ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले. "बुटका मात्र शुद्धीवर येता येता दचकला."

"कोण दचकलं?" गृहस्थांनी विचारलं.

टेलरबाई वळल्या. त्यांना परत वर यायला वेळ लागणार होता, म्हणून त्या खालूनच बोलल्या. "कोट. तयार. आहे," त्या गुरगुरल्या. "बटणं. राहिलीत."

गृहस्थ एक पाऊल मागे सरकले. हीच बाई मापं घेताना चिमणीसारखी बोलत होती, हे त्यांना आठवत असावं. "मग लावा ना. उद्या सकाळी माझी मुलाखत आहे."

टेलरबाईंची नजर टेबलावर गेली. मग बायकोची. मग सगळ्यांचीच. गुहेच्या तोंडाशी काळी, जाड बटणं रांगेत उभी होती.

"ती सध्या कामात आहेत," प्लंबर म्हणाला.

"माझी बटणं?"

"ड्रॅगनला विचारा. जाड आवाजात. आणि हळू, बुटका नाजूक आहे."

गृहस्थांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कोणीही हसत नव्हतं. बाहेर ऊन होतं, रस्ता होता, घर होतं. पण कोट इथे होता. त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले, इस्त्रीच्या टोकाला नाक लावून हनुवटी खाली घेतली आणि म्हणाले, "माझी... बटणं... द्या."

पहिल्याच फटक्यात जमलं. बुटका बसून राहिला. मेहुण्यानं त्यांच्याकडे उघड असूयेनं पाहिलं.

"ड्रॅगन विचारतो, सैन्य कशाला हवं," मास्तर म्हणाले.

"मुलाखतीला... जायचंय."

"कुठलं राज्य?"

"गोदाम. प्रमुख... व्हायचंय."

"शत्रू किती?"

गृहस्थ विचारात पडले. "बाहेर... बाकावर... बसतात तेवढे."

"फासे टाका."

फासे म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी टाकले. चांगले पडले.

"ड्रॅगन सैन्य देतो," मास्तर म्हणाले. "म्हणतो, मला आता एवढं लागत नाही. झोप मिळाली तर पुरे."

टेलरबाईंनी सुईत दोरा ओवला. एकेक सैनिक उचलून त्या कोटावर टाकू लागल्या. ड्रॅगनचं सैन्य कोटावर चढत असताना गुहेत प्लंबरनं छताची गळती काढली, बायकोनं बुटक्याच्या कानांत कापूस घातला आणि ड्रॅगननं एक बादली पाणी दिलं. गृहस्थ कोट घालून उभे राहिले, पण गेले नाहीत. राजाचं काय होतं ते बघायला थांबले.

मुंडकं जागेवर ठेवून पाणी शिंपडलं. मास्तर म्हणाले, "माझ्या जवळ ये."

प्लंबर जागचा हलला नाही. "हा राजाच ना?"

"राजाच."

"नक्की?"

"नक्की. त्याला एका कानानं कमी ऐकू येतं. पाणी गेलंय. उजव्या बाजूनं या."

प्लंबर उठला, टेबलाला वळसा घालून पुतळ्याच्या उजव्या हाताला आला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "किल्ल्याचं लक्षात आहे ना?"

राजाच्या लक्षात होतं.

"मग खुर्ची. कोणाची?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज अजून आजोबांपाशीच अडकला होता.

सगळे मेहुण्याकडे वळले. मेहुण्यानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. गोळीचा चंदेरी कागद सोडवून त्यानं गोळी तोंडात टाकली आणि पुन्हा प्रयत्न केला. नुसते ओठ हलले. उद्या शोरूममधल्या गाद्या मुक्या राहणार होत्या.

मास्तरांनी पुठ्ठा बाजूला ठेवला आणि पुढे झुकून त्याच्या ओठांकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून झटलेला माणूस होता. त्याला वाचता येत नसते तरच नवल.

"हा म्हणतोय, तुम्हीच बसा, भावोजी," मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं. "पण पुढच्या रविवारी सगळं धड ऐकू येणारं कोणीतरी भेटू दे."

मेहुण्यानं जोरात मान हलवली.

"भेटेल का?" टेलरबाईंनी विचारलं.

"बघू," मास्तर म्हणाले.

गृहस्थ दारापाशी जाऊन थांबले. त्यांनी घसा खाली नेला. "पुढच्या. रविवारी. मी. आलो. तर?"

प्लंबरनं कोपऱ्यातलं स्टूल पायानं टेबलाकडे ढकललं.

चहा सांगितला. खडूची गुहा पुसायला टेलरबाईंनी फडकं घेतलं. मास्तर आपल्या खुर्चीत बसून होते. मग त्यांनी एकदम टाळी वाजवली.

बायको ताडकन उठली आणि तिनं हवेत वास घेतला. टेलरबाईंनी धावत जाऊन इस्त्रीची पिन काढलेली आहे ना, ते पाहिलं. प्लंबरनं बादली उचलली.

"मला आनंद झाला आहे," मास्तर म्हणाले.